कारखान्यातलं अर्धवट अपडेट

१६ जानेवारी, शुक्रवार. काम : रोह्याला, धाटाव एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधले कॉम्प्युटर अपडेट करून देणे.

लॅबचे इन्चार्ज दारातच आडवे आले. "मॅडम, आज राहू द्या. सोमवारी ऑडिट आहे."

"म्हणूनच आज. सोमवारी त्यांनी जुनं सॉफ्टवेअर पाहिलं तर काय सांगाल?"

"आणि मध्येच अडकलं तर?"

"मी इथेच बसलेय. अडकलं तर सोडवेन."

"मागच्या खेपेला तुम्ही जेवायला गेलात आणि..."

"मागच्या खेपेला तुमच्या माणसाने 'नंतर' दाबलं होतं."

ते बाजूला झाले.

'नंतर' हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात लाडकं बटण. पेणला माझं कॉम्प्युटर देखभालीचं छोटं ऑफिस आहे. पेणपासून रोह्यापर्यंतच्या शाळा, दवाखाने, कारखाने माझ्याकडे आहेत. प्रोग्रॅम माणसं लिहितात, त्यात चुका राहतात, मागाहून सापडतात. त्यांच्या दुरुस्त्या इंटरनेटवरून येतात. त्या बसवून घेणं म्हणजे अपडेट. पूर्वी मी काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून हे काम करायचे आणि लोक मागे उभे राहून जादू बघितल्यासारखे बघायचे. आता त्यासाठी खिडक्या आल्या. कोपऱ्यात ढालीचं चिन्ह दिसतं, त्यावर क्लिक केलं की यादी उघडते, खाली बटण असतं. माऊस धरता येणाऱ्या कोणालाही हे जमतं. मी गिऱ्हाइकांना हेच शिकवते. दर अपडेटला मी येऊ शकत नाही आणि मी येईपर्यंत ते 'नंतर' दाबत बसतात.

केमिकल कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही. गेटवर जमा करायचा, टोकन घ्यायचं. दुपारी काम आटोपून मी टोकन परत केलं आणि फोन चालू केला. वैशालीचे मिस्ड कॉल ओळीने होते, सगळे सकाळचे. त्यानंतर एक मेसेज : 'ताई, पडदा काळा झालाय. इंग्रजी अक्षरं येतात. काय करू?'

हे वाचून मला काळजी वाटली नाही. अर्धवट राहिलेल्या अपडेटचं हे नेहमीचं लक्षण आहे. पाव तासाचं काम. मी गाडीत बसूनच फोन लावला.

"ताई, आता राहू द्या. चालू झाला."

"आपोआप?"

"नाय, ह्यांनी एका माणसाला बोलावला होता. मी नानांना घेऊन व्यायामाला गेलेली. आत्ताच आले." मग म्हणाली, "पण ताई, पडदा वेगळाच दिसतोय. माझं काहीच नाय यावर."

"खाली डाव्या कोपऱ्यात काय आहे?"

"चार चौकोन. निळे."

तिच्या कॉम्प्युटरवर मी विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम बसवली होती. निळे चौकोन विंडोजचे.

"वैशाली, काही दाबू नकोस. मागची वायर काढ. आत्ता. मी येतेय."

वैशाली कोण आणि तिच्या कॉम्प्युटरवर काय होतं ते सांगते.

पेणला गणपती जिथे बनतात त्या जागेला कारखाना म्हणतात. वैशाली अशाच एका कारखान्याच्या मालकाची, दिलीपची, बायको. तिचे सासरे नाना. नवीन गणपती बाजारात आणायचा तर आधी एक मूळ मूर्ती घडवावी लागते. तिच्यावरून रबराचा साचा काढतात आणि साच्यातून मग हव्या तितक्या मूर्ती निघतात. साच्यातून काढणारे हात गावात पुष्कळ आहेत. मूळ मूर्ती घडवणारे थोडे. नाना त्या थोड्यांतले. त्यांच्या गणपतीचा चेहरा लोक लांबून ओळखतात.

दोन वर्षांपूर्वी नानांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. वैशालीने व्हिडिओ बघून कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायला शिकून घेतलं. पडद्यावर मातीच्या गोळ्यासारखा एक गोळा असतो, तो माऊसने दाबायचा, ओढायचा, कोरायचा. पूर्ण झाला की मुंबईला एक जण मशीनवर त्याची खरी मूर्ती काढून देतो आणि तिच्यावरून साचा होतो. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि लिनक्सवर चांगलं चालतं. जुन्या कॉम्प्युटरवर चोरीचं विंडोज होतं आणि व्हायरसने भरलेलं होतं, म्हणून मी ते काढून लिनक्स घातलं.

नाना शेजारी खुर्चीत बसून सांगायचे, ती करायची. मी एकदा काही कामाला गेले होते तेव्हा ऐकलं.

"कान पाड."

"पाडला."

"अजून. पंखे लावतेस काय त्याला?"

"नाना, हा माऊस हाय. तुमची कोरणी नाय."

"मग सांग माऊसला, नाना काय म्हणतात ते."

महिनोन्‌महिने हे चालू होतं. दिवाळीच्या आधी चेहरा पूर्ण झाला. दिवाळीनंतर नानांना दुसरा झटका आला आणि त्यात त्यांची वाचा गेली. राहिलं होतं ते मुकुट आणि दागिन्यांचं काम. ते वैशाली एकटी करू शकत होती. चेहरा मात्र नानांशिवाय होणारा नव्हता, आणि तो झालेला होता, त्या कॉम्प्युटरमध्ये.

डोलवीच्या स्टील कारखान्याची शिफ्ट सुटलेली, त्यामुळे वाटेत वडखळला गाड्या अडकल्या होत्या. मी पोचले तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. कारखान्यात न रंगवलेले पांढरे गणपती भिंतीपर्यंत रांगेने उभे होते. थिनरचा वास येत होता. नाना त्यांच्या खुर्चीत होते, मांडीवर शाल. वैशाली बंद कॉम्प्युटरपाशी उभी. दिलीप फोनवर कोणाशी तरी बोलत होता. मला बघून त्याने फोन ठेवला.

"मॅडम, चालू झाला होता. हिने वायर काढली."

"मी सांगितलं तिला. आधी मला क्रमाने सांगा. काल काय झालं?"

वैशालीने सांगितलं. दिवाळीपासून कॉम्प्युटर बंदच होता. हॉस्पिटल, मग घरी नानांचं करणं. या आठवड्यात तिने पुन्हा उघडला तर कोपऱ्यात ढाल दिसली. यादी खूप लांब होती. साहजिक आहे, इतके दिवस साचलेलं. ते आधी करून टाकावं आणि मग मुकुटाला हात घालावा असं तिने ठरवलं. काल संध्याकाळी तिने बटण दाबलं. कारखान्याचं नेट हळू. तिकडे नानांच्या जेवणाची वेळ झाली. अपडेट चालू ठेवून, मॉनिटर तेवढा बंद करून ती घरी गेली.

म्हणजे मी शिकवलं तसंच तिने केलं होतं.

"मग बंद कोणी केला?"

महादूकाका पुढे आले. ते रंगकामाचे जुने कारागीर. "मी मेन स्विच पाडला."

"कॉम्प्युटर चालू दिसला नाही तुम्हाला?"

"पडदा काळा होता गो. मला काय कळणार? मी रोज पाडतो. शेवटी निघेल त्याने मेन पाडायचा, असा नेम हाय आमचा. थिनर हाय, पेंढा हाय. एक ठिणगी पुरे."

यातही चूक काही नाही. पेणमधल्या कोणत्याही कारखान्यात जा, शेवटचा माणूस मेन पाडूनच कुलूप लावतो. यूपीएस होता. तो रिकाम्या कारखान्यात काही मिनिटं ओरडला असेल आणि गप्प झाला असेल. यूपीएस असतो तो नीट बंद करायला वेळ मिळावा म्हणून. इतकं मोठं अपडेट तो पुरं करू शकत नाही.

सकाळी काळा पडदा. अपडेट सुरू होतं सुंदर खिडकीतून, पण अर्धवट तुटलं की कॉम्प्युटरला ती खिडकीसुद्धा उघडता येत नाही. तो जुन्या काळ्या पडद्यावर येऊन थांबतो आणि इंग्रजीत मदत मागतो. आतल्या फायलींना धक्काही लागलेला नसतो. हे जाणणारा माणूस तेव्हा रोह्याच्या गेटच्या आत बसला होता. दुसऱ्या कोणाला कळायचं कारण नव्हतं.

"मग तुम्ही माणूस बोलावलात," मी दिलीपला म्हटलं.

"हिचा जीव वरखाली होत होता मॅडम. तुमचा फोन लागेना. म्हटलं ही यायच्या आत चालू करून ठेवावा. स्टँडजवळचा राजेश आला. त्याने बघितलं, म्हणाला, विंडोज उडालंय, नवीन टाकावं लागेल."

"विंडोज नव्हतंच ते."

"ते मला काय माहीत?"

"त्याने टाकायच्या आधी काही विचारलं?"

दिलीपने फोन खिशात घातला. वैशाली त्याच्याकडे बघत होती.

"विचारलं ना," महादूकाका म्हणाले. ते तिथेच होते सकाळी. "म्हणाला, यात महत्त्वाचं काय हाय काय? सगळं कोरं होईल."

"मग?"

"काका, तुम्ही रंगाचं बघा जा," दिलीप म्हणाला.

काका गेले नाहीत. वैशाली म्हणाली, "काय सांगितलंत तुम्ही त्याला?"

"हिशोब दुसऱ्या कॉम्प्युटरवर हाय. तेच सांगितलं मी. हिशोब तिकडे हाय म्हटलं."

"आणि यावर?"

"यावर काय... बायको चित्रं काढते, असं म्हटलं. मला वाटलं, असतील कुठेतरी. तू पाठवलीस ना मुंबईला."

"फोटो पाठवला फक्त. मुकुट राहिला होता ना."

मी स्क्रू ड्रायव्हर काढला.

डिस्क बाहेर काढून मी माझ्या लॅपटॉपला जोडली. पुसलेल्या फायली शोधणारे प्रोग्रॅम असतात. पूर्वीच्या फिरत्या डिस्कवर फाइल पुसली तरी पुष्कळदा ती खाली पडून असायची आणि मी अशा किती फायली परत आणून दिल्या आहेत. पण ही नवी, वेगवान डिस्क होती. तिला एकदा सांगितलं की ही जागा आता मोकळी, की ती स्वतःहून सफाई करून टाकते. राजेशने सगळी डिस्क कोरी केली तेव्हा तिने सगळी जागा साफ केली. प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालू दिला. सापडलं ते सगळं विंडोजचं, त्याच दिवशीचं.

"नाही," मी म्हटलं.

"मुंबईच्या लॅबला पाठवली तर?" दिलीपने विचारलं.

"हवी तर पाठवा. पण मी तुम्हाला आशा लावणार नाही. या प्रकारच्या डिस्कमधून नाही येत."

"पेन ड्राइव्ह हाय एक," वैशाली म्हणाली.

बॅकअपचीही खिडकी मी तिला शिकवली होती. ती पेन ड्राइव्हवर घ्यायची. मग दुसऱ्या झटक्याच्या कितीतरी आधी, एका तपासणीच्या वेळी, तो पेन ड्राइव्ह नानांच्या मेंदूच्या स्कॅनच्या फायली आणायला हॉस्पिटलात गेला आणि रिपोर्टांच्या पिशवीतच राहिला. ती घरून पिशवी घेऊन आली. लावून बघितलं. स्कॅनच्या शेजारी मूर्तीची फाइल होती, गणेशोत्सवाच्या आधीची. मी माझ्या लॅपटॉपवर ती उघडली.

बैठक होती. पोट होतं, हात होते, पायाची बोटंसुद्धा कोरलेली होती. मानेच्या वर अंड्यासारखा गुळगुळीत गोळा.

"हिने ते बटण दाबलं नसतं तर यातलं काय झालं नसतं ना मॅडम?" दिलीपने हळूच विचारलं. तो वाईट माणूस नाही. त्याला कुठेतरी टेकायला जागा हवी होती.

"बटण दाबल्यामुळे काही गेलं नाही. मेन पाडल्यामुळेही नाही. कोरं केल्यामुळे गेलं."

"मग राजेशचीच चूक."

"त्याने विचारलं होतं."

वैशाली यातल्या कशात पडली नाही. तिने माझा लॅपटॉप उचलला.

"नानांना नको दाखवू," दिलीप म्हणाला. "त्यांना सांगू ना, मुंबईला गेली म्हणून. त्यांना काय कळतंय आता?"

"कळतं त्यांना सगळं," ती म्हणाली. "बोलता येत नाय तेवढंच."

तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खाली बसली. साधं सांगितलं, लहान वाक्यांत. नाना, चेहरा गेला. बाकी आहे. माझ्याकडे एक फोटो आहे, मी परत करते. नानांनी पडद्याकडे बघितलं. त्यांचा डावा हात चालतो, तो त्यांनी उचलला आणि गोळ्यावर, जिथे सोंड यायची तिथे, बोट ठेवलं. वरून खाली आणलं. लॅपटॉपचा पडदा स्पर्शाने चालत नाही. तिथे काही उमटलं नाही. मग त्यांनी वैशालीकडे बघून मान हलवली, आडवी.

त्याचा अर्थ दिलीपने एक लावला, महादूकाकांनी दुसरा. वैशालीने काय लावला ते तिने सांगितलं नाही. मी लावत नाही. मी डिस्क परत बसवली, लिनक्स घालून दिलं, पेन ड्राइव्हवरची फाइल तिच्या जागी ठेवली. कॉम्प्युटरची लाइन इलेक्ट्रिशियनकडून मेनच्या आधीपासून वेगळी घ्या, तिला स्वतंत्र स्विच लावा, असं दिलीपला सांगितलं. त्याने मान डोलावली. पैशाचं विचारलं, मी नंतर बघू म्हटलं.

पुढचं थोडक्यात. वैशालीने फोटोवरून चेहरा केला. फोटो एकच, समोरून काढलेला, तोही पडद्याचा. गालाला फुगवटा किती, सोंड कुठून वळते, हे समोरच्या फोटोत दिसत नाही. तिने खूप दिवस घेतले. दिलीप म्हणाला, छान झालाय, पाठव. महादूकाकांनी चष्मा लावून बघितला. "गणपती हाय," ते म्हणाले. "नानाचा नाय." तिने तो मुंबईला पाठवला नाही. या वर्षी कारखान्यात जुन्याच साच्यांतला माल निघाला. नाना होळीच्या आधी गेले. कॉम्प्युटरची वेगळी लाइन दिलीपने ओढून घेतली आहे. महादूकाका मेन पाडायच्या आधी मॉनिटरचं बटण दाबून बघतात.

धडा काढायचा तर एवढाच निघतो, की अर्धवट राहिलेलं काम पुरं करता येतं आणि कोरं केलेलं परत आणता येत नाही, आणि कोरं करायचं की नाही हे विचारायचं असेल तर रोज त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला विचारावं. मालकाला नव्हे.

त्या शनिवारी सकाळी मी स्टँडजवळ राजेशच्या दुकानात गेले. तो शटर उघडत होता. चाळिशीतला माणूस, मला तोंडओळखीने ओळखतो. मला बघताच म्हणाला, "मॅडम, मी विचारलं होतं त्यांना. देवाशप्पथ विचारलं होतं."

"माहीत आहे. भांडायला नाही आले. दहा मिनिटं आहेत का?"

मी माझा जुना लॅपटॉप काउंटरवर ठेवला. त्यावर लिनक्स होतं, बॅटरी काढलेली, नुसत्या वायरवर चालणारा. ढालीवर क्लिक केलं, यादी उघडली, बटण दाबलं. हिरवी पट्टी पुढे सरकायला लागली.

"आता वायर ओढा," मी म्हटलं.

"मॅडम, खराब होईल."

"ओढा हो."

त्याने ओढली. परत लावली. काळा पडदा, इंग्रजी अक्षरं.

"हाच!" तो म्हणाला. "काल हाच होता. मला वाटलं सगळं उडालं."

मी त्याला दाखवलं. सुरू करताना एक कळ दाबून धरायची. मेनू येतो. त्यात अर्धवट बसलेलं दुरुस्त करा, अशी एक ओळ असते. तिच्यावर जायचं आणि एंटर. अक्षरं भराभरा वर सरकली, थांबली, पुन्हा सरकली. मग नेहमीचा पडदा आला, सगळ्या फायली जागच्या जागी.

राजेश बघत राहिला.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

दारात एक बाई प्रिंटर घेऊन आली होती. त्याने तिला हाताने थांबायची खूण केली. मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला, अपडेट परत सुरू केलं आणि त्याला म्हटलं, "आता परत ओढा. या वेळी मी हात लावणार नाही."